लाडकीच्या कमरेची बाटली

महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागते. तिच्या शेपटाशी मनिषभाईचा धाबा आहे आणि धाब्याच्या मागच्या पडवीत लाडकी भाकऱ्या थापते. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगते, आणि भाकरी फुगेपर्यंत तिच्या तोंडाची टकळी थांबत नाही. कुठल्या ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाला सासऱ्याने हाकललं, कोण दारू सोडतो म्हणाला आणि कुठे पिऊन पडला, सगळं तिला पाठ. मनिषभाई म्हणतो, "लाडकीबेन चूप बसली तर समजायचं, हायवे बंद पडला."

एकदा कुणा ड्रायव्हरने धाब्यामागे बसून गांजाची चिलीम पेटवली. वास आला तशी लाडकी उलथनं घेऊन धावली. "पोरंबाळं खेळतात हितं, जा नाक्यापार जाऊन मर!" तो गडी असा पळाला की चप्पल इथेच राहिली. ती चप्पल कितीतरी दिवस पडवीच्या खांबाला लटकत होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

अशा बोलघेवड्या बाईच्या तोंडाला एकाच गोष्टीसाठी कुलूप होतं. औषधाचं नाव ती कधी घेत नसे.

ती तिच्या बापाची शिकवण. बाप पांड्या, तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावर राहायचा, भात-नागली पिकवायचा आणि कुणी आजारी पडलं की जंगलातून औषध आणायचा. आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं, बुंध्याशी चार दाणे तांदूळ ठेवायचे, "उद्या येतंय, चल माझ्यासोबत" म्हणून सांगायचं. पहाटे वाटेत कुणाशी न बोलता जाऊन मुळी काढायची. आणि त्या झाडाचं नाव उच्चारायचं नाही, रोग्यासमोर नाही, घरच्यांसमोर नाही. नाव घेतलं की गुण उडून जातो. मग शिकवायचं कसं? तर हाताला धरून जंगलात न्यायचं, झाडासमोर उभं करायचं आणि बोट दाखवायचं. लाडकीला त्याने अशी बरीच झाडं दाखवली. लहान पोरांच्या जुलाबावर द्यायची एक मुळी मात्र दाखवायची राहिली, आणि म्हातारा अंथरुणाला खिळला. लाडकी उशाशी बसली होती. त्याने हात उचलून जंगलाकडे बोट केलं. "नाव सांग ना, बाबा," ती म्हणाली. त्याने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. तसाच गेला बिचारा. ती मुळी अजून त्या डोंगरात कुठेतरी उगवत असेल, लाडकी तिच्यावर पाय देऊनही गेली असेल. ओळखणार कशी?

लाडकीचा मुलगा रविंद्र आणि सून योगिता उंबरगावला कंपनीत कामाला जातात. त्यांची मुलगी हर्षदा, नऊ वर्षांची. ती लाडकीच्या अंगाखांद्यावर वाढली, आणि वाढली ती आकडीच्या धाकात. तान्ही असताना तापात पहिली आकडी आली, पुढे तापाचंही निमित्त लागेना. चालता चालता पोर काठीसारखी ताठ व्हायची, डोळे वर, दात घट्ट, हातपाय झटकत जमिनीवर. कधी दिवसातून दोनदा, कधी मोजायलाही नको वाटेल इतक्यांदा. चुलीपाशी तिला बसवायची सोय नाही, विहिरीवर न्यायची सोय नाही. शाळेतल्या बाई जीव लावायच्या, पण त्याही घाबरायच्या. मग लाडकी तिला धाब्यावर आणायची, पिठाच्या पोत्यावर बसवायची आणि आपल्या लुगड्याचा पदर तिच्या मनगटाला बांधून भाकऱ्या थापायची. पदराला हिसका बसला की लाडकीने हातातली भाकरी टाकलीच.

भगताने तांदूळ पाहिले, वारं आहे म्हणाला, कोंबडा देऊन झाला. तलासरीच्या सरकारी दवाखान्याने मुंबईला धाडलं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, बदलल्या, वाढवल्या. आकड्या थोड्या कमी झाल्या आणि पुन्हा मूळपदावर आल्या. शेवटी बाई म्हणाल्या, एक तेलासारखं औषध आहे, गोळ्यांच्या जोडीला देऊन बघू. त्याला सीबीडी म्हणतात. गांजाच्या झाडातून काढतात.

लाडकी खुर्चीवरून उठलीच. "काय बोलता, बाई! पोरीला गांजा?"

बाई हसल्या. नशा आणणारा भाग यातून काढून टाकलेला असतो म्हणाल्या. रविंद्रने आईला हाताला धरून बसवलं. बाईंनी पिचकारीने किती मापून द्यायचं ते दाखवलं आणि बजावलं, "पोरगी फार झोपाळू झाली, सुस्त पडली, तर लगेच मला फोन करा." रविंद्रने लाडकीच्या साध्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर भरून दिला. लाडकीने मान डोलावली. तिच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती, की हे झाडाचं औषध आहे. आपल्या बापाच्या जातीचं.

घरी आल्यावर तिने बाटली फडक्यात गुंडाळली आणि संध्याकाळी देवाच्या कोनाड्यात ठेवून पुढे चार दाणे तांदूळ ठेवले. झाड कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून बाटलीलाच म्हणाली, "उद्या येतंय, चल माझ्यासोबत." रविंद्र दारात उभा राहून बघत होता. हसावं की पाया पडावं, त्याला कळेना. सकाळी कुणाशी न बोलता तिने पहिलं माप पाजलं. घरात सगळ्यांना तंबी दिली, नाव घ्यायचं नाही. आणि बाटली कायमची तिच्या कमरेच्या पिशवीत गेली, जिथे तिचा तंबाखू असतो.

पुढे जे झालं त्यावर लाडकीचा विश्वास बसायला वेळ लागला. पदराचे हिसके विरळ झाले. एक दिवस कोरडा गेला, मग दोन. एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत एकही आकडी आली नाही, तेव्हा लाडकीने भर बाजारात सुक्या बोंबलांच्या ढिगापाशी उभं राहून डोळे पुसले. बोंबीलवाली झाईच्या किनाऱ्यावरची. "मिर्ची लागली काय गं?" म्हणून विचारत होती. लाडकीने "हो, हो," म्हटलं. कशाने पोरगी सुधारली हे सांगायला जीभ शिवशिवत होती, पण तिने ओठ बापासारखे मिटले.

धाब्यावर मनिषभाईने ताडलं की कमरेच्या पिशवीत काहीतरी जादू आहे. "लाडकीबेन, एक थेंब माझ्या गुडघ्याला दे ने." लाडकी कडाडली, "तुझा गुडघा तूप खाऊन दुखतो! पोरीचं औषध पोरीला." ते बरोबरच होतं. एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याच्या गुडघ्याला नुसतं नाव ऐकून चोळायचं नसतं, एवढं पांड्याच्या लेकीला कळत होतं.

मुंबईच्या पुढच्या फेरीत बाईंनी माप वाढवलं. त्यानंतर हर्षदाला झोप येऊ लागली. दुपारी पिठाच्या पोत्यावर डुलकी, संध्याकाळी जेवताना डुलकी. लाडकीला उलट बरं वाटलं. जंगलाचं औषध अंगात मुरलं की रोगी गाढ झोपतो, बाप म्हणायचा. झोप आली की समजावं, गुण आला. जन्मात जी पोर धड झोपली नव्हती ती आता सुखाने झोपतेय, तर तिला उठवा कशाला आणि मुंबईला फोन करा कशाला? चालताना तिचा तोल जायचा, तेही लाडकीने झोपेच्या खाती घातलं.

एका सकाळी हर्षदा उठलीच नाही. लाडकीने हाक मारली, गालावर चापटी मारली, तोंडावर पाणी शिंपडलं. पोरीने अर्धवट डोळे उघडले, बुबुळं सरकली आणि पापण्या पुन्हा मिटल्या. अंग चिंधीसारखं सैल. रविंद्र-योगिता पहिल्या पाळीला गेलेले, फोन कंपनीच्या गेटवर जमा. लाडकी गोळ्यांची थैली उचलून, पोरीला खांद्यावर टाकून धाब्याकडे धावत सुटली. मनिषभाईने भाजीचा टेंपो रिकामा केला आणि सरकारी दवाखान्याच्या दारात नेऊन उभा केला.

तिथे डॉक्टर रुचिका होत्या, वयाने योगिताएवढ्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय वाकवून पाहिले, ताप नाही ना ते तपासलं, बोटातून रक्त काढून साखर पाहिली. लाडकीच्या थैलीतली गोळ्यांची पाकिटं वाचली. हर्षदाच्या पापण्या बारीक फडफडत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, "कधी कधी बाहेर झटके दिसत नाहीत, पण डोक्यात आतल्या आत आकडी चालू असते. तसं असेल तर ती इंजेक्शनने तोडावी लागेल." दक्षा सिस्टरने इंजेक्शन भरलं.

सुई टोचण्याआधी डॉक्टर थांबल्या आणि लाडकीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, नीट ऐका. हे इंजेक्शन झोप आणणारं आहे. आकडी असेल तर हिला वाचवेल. पण आधीच कुठल्या औषधाची गुंगी चढली असेल, तर हिचा श्वास मंदावेल. या गोळ्यांशिवाय दुसरं काही देता का? जंगलातलं, भगताचं, काहीही. मी रागावणार नाही."

"नाय," लाडकी म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

कमरेची बाटली तिच्या पोटाला लागत होती. सांगितलं तर काय होणार, ते तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. गुण जाणार. पुन्हा पदराला पोर बांधायची, पुन्हा चुलीपाशी जीव मुठीत. आणि नाव तरी कसलं घ्यायचं! वऱ्हांड्यात दुसऱ्याच कुठल्या कामाला आलेला पोलीस बाकावर बसला होता. या नाक्यावर त्या एका शब्दासाठी पोलीस ट्रक रिकामे करतात, हे लाडकीइतकं कुणाला ठाऊक? तिने हर्षदाकडे पाहिलं. पोरीची छाती वर आली, खाली गेली, आणि पुन्हा वर यायला तिने एवढा वेळ लावला की लाडकीने तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. तिला बापाचे मिटलेले ओठ आठवले. नाव जपलं त्याने, गुण जपला, आणि मुळी गेली ती गेलीच. पाड्यावरच्या किती पोरांच्या कामाला आली असती!

गुण जाईल तर जाऊ दे, तिने ठरवलं. पोर राहू दे.

"गांजा," ती म्हणाली.

दक्षा सिस्टरच्या हातातलं इंजेक्शन तसंच राहिलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, पोलिसाने मान वळवली. लाडकीने पिशवीत हात घातला, तंबाखूची डबी बाजूला सारून बाटली काढली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "गांजाच्या झाडाचं तेल आहे. सीबीडी. मुंबईच्या बाईंनी दिलंय. त्यांचा नंबर हाय माझ्या फोनात." सगळं एका दमात बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसढसा रडू लागली.

इंजेक्शन दिलं गेलं नाही. डॉक्टर रुचिका मुंबईशी बोलल्या, हर्षदाच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला, तिच्या दोन गोळ्यांपैकी एक आधी थांबवून मग अर्ध्या मापाने सुरू करायची ठरली. गुंगी हळूहळू उतरेल, घाईने उतरणार नाही, असंही सांगितलं. पोलीस आपल्या कामाला निघून गेला. औषध चिठ्ठीवरचं होतं, त्याला त्यात काय पडलेलं!

दुपारी गर्दी ओसरल्यावर डॉक्टर लाडकीजवळ बसल्या.

"तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं, आजी. बोकडाची कलेजी माहीत आहे ना? तशी आपल्यालाही असते. पोटात गेलेलं औषध तिथून जातं. कलेजी ते मोडते आणि बाहेर काढते. हे तेल आणि हर्षदाची ती गोळी एकाच वाटेने जातात. तेलाने वाट अडवली. रोजची गोळी रोज पोटात येत राहिली, पण बाहेर जाईना. साठत गेली. ही सगळी झोप त्या साठलेल्या गोळीची."

लाडकी विचारात पडली. "आमच्या नाक्यासारखं. एक गाडी अडली का मागं पार डोंगरापर्यंत रांग."

"अगदी तसंच."

"आन् नशा? बाई म्हणाल्या नशा नसते. गांजा आन् नशा नाय, कसं हो?"

"गांजाच्या झाडात कितीतरी द्रव्यं असतात. त्यातलं एक नशा आणतं. आपल्या मेंदूत एक कुलूप आहे समजा, त्यात ते किल्लीसारखं बसतं. सीबीडी हे दुसरं द्रव्य. ते त्या कुलपात धड बसत नाही, म्हणून डोकं फिरत नाही."

लाडकीने तोंडावर हात ठेवला. "पण डॉक्टर बाय, माणसाच्या डोक्यात गांजाचं कुलूप बसवलं कुणी?"

डॉक्टर हसल्या. हा प्रश्न त्यांना कॉलेजात कुणी असा विचारला नव्हता. "गांजाचं नाही, आपलंच आहे ते. आपलं अंगच तसलं एक औषध बनवत असतं, लागेल तेव्हा, लागेल तेवढं. दुखणं सोसायला, भूक लागायला, घाबरलेलं मन शांत व्हायला. कुलूप त्याच्यासाठी आहे. माणसं गांजाचा शोध घेत गेली, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपल्या आत हे असं काही चाललंय."

"माझ्या पण आत?"

"तुमच्या, माझ्या, हर्षदाच्या. सगळ्यांच्या."

लाडकीने आपले दोन्ही तळवे पुढे धरून पाहिले. तव्याने भाजलेले, पिठाने भेगाळलेले. या हातांच्या आत, या कातडीखाली, कुणी न सांगता, कुणी तांदूळ न ठेवता औषध बनतंय! जन्मल्यापासून बनतंय! बापाने आयुष्यभर डोंगर पालथा घातला, आणि एक झाड तर त्याच्या आतच होतं.

"मग आकडी कशानं थांबते ह्या तेलानं?"

"मेंदू एकदम भडकतो, त्याला हे शांत करतं, एवढं कळलंय. नेमकं कसं, ते अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही."

"एवढ्या शिकलेल्यांना पण?"

"त्यांना पण."

लाडकी पुन्हा आपल्या तळव्यांकडे बघत बसली. मनिषभाई टेंपोत बसून वाट बघत होता. त्याने आत डोकावून तिला गप्प पाहिलं आणि घाबरून विचारलं, "छोकरी बरी आहे ने?"

छोकरी बरी झाली. आधी डोळे नीट उघडले, मग पेज मागितली, मग सलाईनच्या सुईवरून दक्षा सिस्टरशी भांडली. घरी आल्यावर लाडकी मात्र वाट बघू लागली, नाव घेतल्याची शिक्षा कधी येते त्याची. आणि आकडी आली. दारातल्या करवंदीच्या जाळीपाशी पोर ताठ झाली, लाडकीने धावत जाऊन तिला कुशीवर वळवलं. "गेला गुण! माझ्या जिभेनं घालवला!" तिने मुंबईला फोन लावला आणि रडत सगळं सांगून टाकलं, तांदूळ, नाव, बाप, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, या औषधाने आकड्या कमी होतात, मुळातून जातीलच असं नाही. मध्येच एखादी येऊ शकते. औषध चालू ठेवा, आणि रक्त तपासायला या, कलेजी कशी आहे ते बघावं लागतं.

पुढच्या बाजारापर्यंतचा आठवडा कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. लाडकीने नाव घेतलं होतं, भर दवाखान्यात, पोलिसाच्या कानावर पडेल असं, तरी औषध आपलं काम करत होतं. झाड रुसलं नव्हतं. याचं तिला जेवढं नवल वाटलं, तेवढं त्या डोक्यातल्या कुलपाचंही वाटलं नसेल.

हर्षदा पुन्हा शाळेत जाऊ लागली. सुटीच्या दिवशी ती धाब्यावर येते, पदराला न बांधता. परवा अशीच पोत्यावर बसली होती. औषधाची वेळ झाली म्हणून लाडकीने बाटली काढून ठेवली आणि पिचकारी धुवायला वळली. हर्षदाने बाटली उचलली. शाळेत नुकतीच इंग्रजी अक्षरं शिकलेली, ती बोट ठेवून वाचू लागली.

"सी... बी..."

लाडकीचा ओला हात आपसूक तिच्या तोंडावर गेला. लहानपणी बापाचा हात असाच यायचा लाडकीच्या तोंडावर. हर्षदा मोठे डोळे करून आजीकडे बघत राहिली. लाडकीने हात काढून घेतला, पदराने तिचं ओलं तोंड पुसलं.

"म्हण," ती म्हणाली. "पुरं म्हण. कुठल्या पण दवाखान्यात कुणी विचारलं, तर सांगता आलं पाहिजे. मी असेन, नसेन."

"सी, बी, डी," हर्षदा हळूच म्हणाली.

"अजून मोठ्यानं."

हर्षदा पोत्यावर उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. जेवणारे ड्रायव्हर घास हातात धरून मागे वळून बघू लागले.